मीरा हे नाव कोठून आले?

व्यक्तिनामाची व्युत्पत्ती लावणे हे साध्या शब्दाची व्युत्पत्ती लावण्यापेक्षा अधिक निसरडे काम आहे, कारण शब्द वाक्यात वापरला जातो तेव्हा त्याच्यासोबत अर्थ असतो आणि त्या अर्थाच्या आधाराने त्याचा मागोवा घेता येतो. नाव मात्र हाक मारण्यासाठी असते आणि हाक मारणाऱ्याला किंवा ओ देणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक असण्याची काहीच आवश्यकता नसते. त्यामुळे नावाचा मूळ अर्थ विसरला जातो, पुढच्या पिढ्या त्याच्या ध्वनीशी जुळणारा एखादा ओळखीचा शब्द शोधतात आणि तोच खरा अर्थ म्हणून रूढ करतात. या प्रक्रियेला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. मराठी घरांत शतकभर सहजपणे ठेवले जाणारे ‘मीरा’ हे नाव या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगे आहे, कारण ते भारताबरोबरच युरोप आणि पश्चिम आशियातही आढळते, प्रत्येक ठिकाणी त्याचा वेगळा अर्थ सांगितला जातो, आणि ज्या संत कवयित्रीमुळे ते भारतात सर्वतोमुखी झाले तिच्याच बाबतीत त्याचे मूळ सर्वाधिक वादग्रस्त आहे.

नावांच्या पुस्तकांत मीरा या नावापुढे बहुधा ‘समुद्र’ असा अर्थ दिलेला असतो. त्याला आधार आहे तो संस्कृत कोशांचा. वामन शिवराम आपटे यांच्या कोशात ‘मीर’ हा पुल्लिंगी शब्द असून समुद्र, सीमा, पेय असे त्याचे अर्थ दिले आहेत, आणि मोनियर विल्यम्स यांच्या कोशातही तो आहे. पण तेथे त्याच्यापुढे जी खूण आहे ती हा शब्द केवळ जुन्या कोशकारांनी नोंदवलेला आहे असे सांगणारी आहे. अशा शब्दांना कोशशब्द म्हणता येईल, म्हणजे शब्दसंग्रहात आहेत परंतु काव्यात, नाटकात, शिलालेखात प्रत्यक्ष वापरलेले सहसा सापडत नाहीत असे शब्द. लॅटिनमधील ‘मारे’ आणि रशियनमधील ‘मोरे’ या समुद्रवाचक शब्दांशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु ‘मीर’मधील दीर्घ ईकार त्या शब्दकुळात नीट बसत नाही. शिवाय १५ व्या किंवा १६ व्या शतकातील राजस्थानात एखाद्या राजपूत कन्येचे नाव ठेवताना कुणी संस्कृत कोशातील विरळ शब्द शोधून काढला आणि त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय लावला, ही कल्पना फारशी पटण्यासारखी नाही. समुद्राचा अर्थ नावाला मागाहून चिकटला असावा, असे मानणेच अधिक सयुक्तिक आहे.

मीराबाईंच्या चरित्राची परंपरेने सांगितलेली चौकट अशी आहे: मेडत्याच्या राठोड घराण्यात, दूदाजींचे पुत्र रतनसिंह यांच्या पोटी, कुडकी येथे सुमारे १४९८ मध्ये जन्म, १५१६ मध्ये मेवाडच्या राणा संगाचे पुत्र भोजराज यांच्याशी विवाह, पुढे वैधव्य, राजकुळाशी संघर्ष, वृंदावन आणि शेवटी द्वारका, जेथे १५४६ च्या सुमारास त्यांचा अंत झाल्याचे मानले जाते. यातील कोणतीही गोष्ट समकालीन कागदाने सिद्ध होत नाही. नाभादासांच्या ‘भक्तमाल’ या ग्रंथात त्यांचा उल्लेख येतो तो १६०० च्या आसपास, आणि प्रियादासांची त्यावरील टीका, जिच्यातून कथेचा बराच विस्तार लोकांपर्यंत पोहोचला, ती १७१२ मधील आहे. राजस्थानी परंपरेत हे नाव ‘मीरां’ असे शेवटी अनुस्वार देऊन लिहिले आणि उच्चारले जाते, आणि व्युत्पत्तीचा सगळा वाद या एका अनुस्वाराभोवती फिरतो.

फारसीतील ‘मीर’ हा शब्द अरबी ‘अमीर’चे आखूड रूप आहे, आणि ‘अमीर’ ज्या धातूपासून बनतो त्याचा अर्थ आज्ञा करणे असा आहे. म्हणजे मीर म्हणजे आज्ञा देणारा, सरदार, नायक. मराठीने हे शब्दकुळ पुरते आपलेसे केले आहे. अमीर आणि त्याचे अनेकवचन उमराव मिळून ‘अमीर-उमराव’ झाले, मोगल लष्कराच्या कारभारातून मीरबक्षी आणि मीर आतिश ही पदे बखरींत आली, आणि ‘अमीरजादा’ म्हणजे सरदारपुत्र हा शब्द झिजून ‘मिर्झा’ झाला. पुरंदरच्या १६६५ च्या तहामुळे महाराष्ट्राला परिचित असलेले जयसिंह हे ‘मिर्झाराजे’ होते, म्हणजे राजपूत राजाने ही फारसी पदवी सन्मानाने मिरवली होती. (मिरासदार या शब्दाचा मात्र या कुळाशी संबंध नाही, तो वारसा या अर्थाच्या अरबी ‘मीरास’वरून आलेला आहे. ध्वनिसाम्याने अर्थ लावण्यात किती धोका आहे हे त्यावरून दिसावे.)

‘मीर’चे फारसी अनेकवचन ‘मीरान’ किंवा ‘मीरां’ होते आणि आदरार्थी बहुवचन म्हणून ते एका व्यक्तीलाही लावले जाई. या रूपाचा प्रसार दख्खनेत किती होता याचे पुरावे महाराष्ट्राच्या आसपासच विपुल आहेत. खानदेशच्या फारुकी घराण्यातील शासक आपल्या नावाआधी ‘मीरान’ लावत. अहमदनगरच्या निजामशाहीत १५८८ मध्ये बापाला ठार करून गादीवर आलेला आणि पुढच्याच वर्षी स्वतः मारला गेलेला सुलतान मीरान हुसेन या नावाने ओळखला जातो. विजापूरचे सूफी शाह मीरांजी शम्सुल उश्शाक हे १५ व्या शतकाच्या अखेरीस दखनी भाषेत रचना करत होते. मिरज येथील ख्वाजा शमसुद्दीन यांचा दर्गा तर ‘मीरासाहेब’ याच नावाने प्रसिद्ध आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे दफन त्याच्या आवारात झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसाच्या वेळी तेथे होणारा संगीत महोत्सव मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. आणखी दक्षिणेकडे गेल्यास तमिळनाडूतील नागोरच्या शाहुल हमीद या संतांनाही मीरान साहेब म्हटले जाते, तमिळ कादंबरीकार तोप्पिल मुहम्मद मीरान यांच्या नावात तोच शब्द आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी यांच्या वडिलांचे नाव मीरा साहेब असे होते. म्हणजे ज्या नावाने उत्तरेत आणि महाराष्ट्रात केवळ स्त्रीचा बोध होतो, तेच नाव दक्षिणेतील मुस्लिम समाजात पुरुषांचे आहे.

हिंदीचे अभ्यासक पीतांबरदत्त बडथ्वाल यांनी हा फारसी दुवा मीराबाईंपर्यंत आणून पोहोचवला. कबीराच्या वचनांत ‘मीरां’ हा शब्द परमेश्वरासाठी, स्वामी या अर्थाने येतो, याकडे लक्ष वेधून त्यांनी ‘मीरांबाई’ म्हणजे परमेश्वराची पत्नी असा अर्थ सुचवला आणि हे जन्मनाव नसून भक्तिमार्गात मिळालेले नाव असावे असा तर्क केला. दुसरा एक तर्क नवसाचा आहे. अजमेरच्या तारागडावर मीरान सय्यद हुसेन यांचा दर्गा असून मेडत्यापासून अजमेर फार दूर नाही, तेव्हा त्या पिराच्या नवसाने झालेल्या मुलीला त्याचे नाव दिले गेले असावे असे काही अभ्यासकांनी मांडले. मराठी वाचकाला हा तर्क ऐकून आश्चर्य वाटू नये. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला केलेल्या नवसामुळे मालोजी भोसल्यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही हकिकत मराठ्यांच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. याउलट ज्यांना फारसी व्युत्पत्ती रुचली नाही त्यांनी ‘वीरा’चे ‘मीरा’ झाले असे म्हटले, कुणी सूर्यवाचक ‘मिहिर’ पुढे केला, तर कुणी मेडता या गावाच्या नावाशीच संबंध जोडला. गंमत अशी की या पर्यायांपैकी ‘मिहिर’ हाही मुळात इराणी आहे. मिथ्र या देवतेच्या नावाचे मध्य फारसीत ‘मिह्र’ झाले आणि तेथून तो शब्द संस्कृतात आला. फारसी टाळण्यासाठी निघालेला हा मार्ग पुन्हा इराणातच जाऊन पोहोचतो.

या तर्कांचे मोल सारखे नाही. ‘वीरा’पासून ‘मीरा’ होण्यास आरंभीच्या ‘व’चा ‘म’ व्हावा लागतो आणि असा बदल राजस्थानीत नियमाने होत नाही. बडथ्वालांचा अर्थ काव्यदृष्ट्या सुंदर आहे, पण ‘बाई’ हा राजस्थानात आणि महाराष्ट्रात स्त्रीच्या नावाला जोडला जाणारा सामान्य आदरार्थी शब्द असल्याने ‘पत्नी’ हा अर्थ त्यावर लादावा लागतो. अहिल्याबाई म्हणजे कुणा अहिल्येची पत्नी नव्हे. अनुस्वाराचा पुरावाही जितका भक्कम वाटतो तितका नाही, कारण राजस्थानी बोलीत स्त्रियांच्या नावांच्या शेवटी अनुस्वार येणे ही सर्वसाधारण रीत आहे. जगन्नाथाला खिचडी भरवणारी म्हणून ओळखली जाणारी करमाबाई राजस्थानात ‘करमां’ म्हटली जाते, आणि तिच्या नावाचा फारसी अनेकवचनाशी काही संबंध नाही. तरीही सर्व बाजू तोलल्यास मीर किंवा मीरान या शब्दाचे पारडे जड राहते, कारण त्या काळात, त्या प्रदेशात, पीर आणि सरदार या दोन्ही अर्थांनी तो लोकांच्या प्रत्यक्ष तोंडी होता, तर समुद्रवाचक ‘मीर’ केवळ कोशात होता. पण एक गाठ सुटत नाही. पुरुषवाचक पदवी स्त्रीचे नाव कशी झाली, हे दाखवणारे मीराबाईंपूर्वीचे दुसरे उदाहरण हाती असते तर ही व्युत्पत्ती अधिक भरवशाची ठरली असती, आणि राजपूत वंशावळींत मुलींची नावे क्वचितच नोंदली जात असल्याने ते उदाहरण मिळणे कठीण आहे.

आज या नावाला जी पवित्रता आहे ती त्याच्या माहेरी नेहमी नव्हती. परिता मुक्ता यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासग्रंथात मेवाडच्या राजपूत समाजात मीरेची स्मृती दीर्घकाळ दडपली गेल्याचे आणि हे नाव स्त्रीला उद्देशून शिवीसारखे वापरले जात असल्याचे नोंदवले आहे. कुळाची मर्यादा मोडणाऱ्या सुनेचे नाव मुलीला ठेवायला कोण धजावणार? तिची पदे जपली ती मुख्यतः कष्टकरी आणि तथाकथित खालच्या जातींतील भजनी मंडळ्यांनी. देशभरातील मध्यमवर्गात हे नाव पसरले ते २० व्या शतकात, छापील भजनसंग्रह, गांधीजींच्या प्रार्थनासभा आणि पुढे चित्रपट यांच्यामुळे, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचा ‘मीरा’ हा चित्रपट १९४५ मध्ये तमिळमध्ये आणि नंतर १९४७ मध्ये हिंदीत आला. १९२५ च्या नोव्हेंबरमध्ये साबरमती आश्रमात दाखल झालेल्या मॅडेलिन स्लेड या इंग्रज स्त्रीला गांधीजींनी हेच नाव दिले. मीराबेन पुढे वर्ध्याजवळच्या शेगाव, म्हणजे आजच्या सेवाग्राम येथे गांधीजींच्याही आधी जाऊन राहिल्या, आणि १९४२ पासून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्यासोबत स्थानबद्ध होत्या. त्यांचे वडील ब्रिटिश नौदलात अ‍ॅडमिरल होते, आणि अ‍ॅडमिरल हा शब्दही अरबी ‘अमीर’ पासूनच युरोपात गेलेला आहे. मीरा नावाची फारसी व्युत्पत्ती खरी असेल, तर या बाईंच्या वडिलांचे पद आणि त्यांचे भारतीय नाव ही एकाच शब्दाची दोन रूपे ठरतात.

पाँडिचेरीच्या श्रीमाताजींच्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. त्यांचा जन्म १८७८ मध्ये पॅरिसमध्ये झाला आणि मीरा अल्फासा हे नाव त्या भारतात येताना सोबतच घेऊन आल्या. वडील तुर्कस्तानातील ज्यू, आई इजिप्तची, आणि नावाच्या रोमन लेखनात ‘र’ दुहेरी. ज्यू परंपरेत मीरा हे बहुधा मिरियम या नावाचे लघुरूप असते. मिरियम म्हणजे बायबलमधील मोझेसची बहीण. तिच्याच नावाचे ग्रीकमध्ये मारियाम, अरबीत मरियम, लॅटिनमध्ये मारिया, इंग्रजीत मेरी झाले, आणि पोर्तुगीजांबरोबर ते मारिया या रूपाने गोव्याच्या घराघरांत पोहोचले. जगातील सर्वांत प्रसृत अशा या स्त्रीनामाचेही मूळ निश्चित नाही. कुणी ते कडू या अर्थाच्या हिब्रू ‘मर’शी जोडतात, कुणी बंड करणे या अर्थाच्या धातूशी, तर मोझेसच्या कुटुंबाचा इजिप्तशी आलेला संबंध लक्षात घेऊन कुणी प्राचीन इजिप्ती भाषेतील ‘प्रिय’ या अर्थाच्या शब्दाशी. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन बायबल सिद्ध करणारे संत जेरोम यांनी हिब्रूतील ‘मर’ म्हणजे थेंब आणि ‘याम’ म्हणजे समुद्र अशी फोड करून ‘समुद्राचा थेंब’ असा अर्थ दिला. लॅटिनमधील ‘स्टिला’ म्हणजे थेंब या शब्दाच्या जागी नक्कल करताना ‘स्टेला’ म्हणजे तारा आला असे मानले जाते, आणि मेरी ‘समुद्राचा तारा’ झाली. समुद्र येथेही अवतरतो, आणि येथेही तो लोकांच्या बोलण्यातून न येता पंडितांच्या पोथीतूनच येतो. ‘मिर्रा’ हा युरोपीय भाषांतील शब्द स्वतंत्रपणे हिराबोळ या सुगंधी, कडवट डिंकाचाही वाचक आहे, आणि तोही ‘कडू’ या अर्थाच्या सेमिटिक धातूपासूनच निघाला आहे.

लॅटिनमध्ये ‘मीरुस’ म्हणजे अद्भुत, आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘मीरा’. तिमिंगल नक्षत्रातील एक तारा कधी ठळक दिसतो आणि कधी डोळ्यांना दिसेनासा होतो हे डाविड फाब्रिसिउस यांनी १५९६ मध्ये पाहिले, आणि सुमारे ३३२ दिवसांनी तेजाचा फेरा पूर्ण करणाऱ्या त्या ताऱ्याला योहानेस हेवेलिउस यांनी १६६२ मध्ये ‘मीरा’ असे नाव दिले. शेक्सपियरच्या ‘द टेंपेस्ट’मधील मिरांडा हे नावही याच शब्दकुळातील आहे. या लॅटिन मीरेचे संस्कृतात काही नातलग आहेत काय, असे विचारल्यास उत्तर होकारार्थी आहे, पण ते अपेक्षित ठिकाणी नाहीत: भाषाशास्त्रज्ञ ‘मीरुस’चा संबंध सामान्यतः ज्या आद्य धातूशी लावतात तो संस्कृतात ‘स्मि’ म्हणजे हसणे असा आहे, आणि त्यापासून ‘स्मेर’ म्हणजे हसतमुख आणि ‘स्मित’ हे शब्द झाले. तेव्हा आकाशातील त्या ताऱ्याच्या नावाची खरी भारतीय बहीण मीरा नसून स्मिता आहे.

स्लाव्ह भाषांत मीरा हे मिरोस्लावा, ब्रानिमिरा अशा लांब नावांचे लघुरूप असून त्यातील ‘मिर’चा अर्थ शांती आणि जग असा दुहेरी आहे, रशियनमध्ये १९१८ च्या लेखनसुधारणेपर्यंत हे दोन अर्थ दोन वेगळ्या वर्णांनी लिहिले जात. संस्कृत ‘मित्र’शी त्याचे नाते काही विद्वान मानतात, काही नाकारतात. पण येथेही लोकव्युत्पत्तीने आपले काम केलेले आहे: व्लादिमिर या नावाचा शेवट जुन्या लेखनात ‘मेर’ असा होता आणि त्याचा अर्थ महान किंवा कीर्तिमान असा होता, ‘मिर’ या ओळखीच्या शब्दाने त्याची जागा नंतर घेतली. अल्बेनियात मीरा हे नाव ‘चांगला’ या अर्थाच्या शब्दावरून समजले जाते.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत मीरा हे नाव टिकून राहण्याचे एक कारण हेच आहे की शेजाऱ्यांना ते परके वाटत नाही. अलीकडे महाराष्ट्रात त्याच्या शेजारी ‘मायरा’ हे नाव आले आहे. ते इंग्रजी ‘मायरा’चे रूप असून फल्क ग्रेव्हिल या १६ व्या शतकातील इंग्रज कवीने आपल्या काव्यातील प्रेयसीसाठी ते वापरले होते. राजस्थानीत मात्र ‘मायरा’ म्हणजे बहिणीच्या मुलांच्या लग्नात भावाने नेलेला आहेर, आणि नरसी मेहतांच्या अशाच आहेराची कथा सांगणारी ‘नरसीजी रो मायरो’ ही रचना परंपरेने मीराबाईंच्याच नावावर आहे, जरी ते कर्तृत्व अभ्यासकांना मान्य नाही.

या सर्व शाखांत परस्परसंबंध आहे तो ध्वनीचा, वंशाचा नव्हे. उर्दू कवी मुहम्मद सनाउल्लाह डार यांनी मीरा सेन नावाच्या मुलीच्या प्रेमापायी ‘मीराजी’ हे टोपणनाव घेतले आणि १९४९ मध्ये मुंबईत त्यांचा अंत झाला. त्यांच्या बाबतीत नाव कोठून आले हे निःसंशय सांगता येते, कारण कुणी, कधी आणि कशासाठी ते घेतले याची नोंद आहे. राजस्थानी संत कवयित्रीच्या बाबतीत अशी नोंद नाही. म्हणून बाळाच्या नावांची पुस्तके तयार करणाऱ्या प्रकाशकांनी मीरा या नावापुढे ‘समुद्र’ असे ठामपणे छापणे थांबवावे, फारसी ‘मीर’चा उल्लेख संकोच न करता करावा, आणि त्याच्यापुढे ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ हे दोन शब्द घालावेत.